वाचकांचे प्रश्न : तरतूद आहे, वितरण नाही

या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत माणसे वेगळी असली तरी तक्रार एकच आहे. प्रशिक्षण, आहार किंवा अनुदान कागदोपत्री चालू आहे आणि प्रत्यक्षात थांबले आहे. म्हणून इतर विषयांची पत्रे पुढील अंकासाठी राखून ठेवली आहेत. मी स्वतः वेल्डर ट्रेडचा शिल्प निदेशक म्हणून उमेदीची वर्षे काढली असल्यामुळे दुसऱ्या पत्राचे उत्तर इतरांपेक्षा लांबले आहे. त्याला माझा इलाज नव्हता.

प्रश्न : आदरणीय सर, मी साक्री तालुक्यातील एका खेड्यात राहते. शासनाच्या कौशल्य योजनेतून तालुक्याच्या गावी शिवणकामाचा तीन महिन्यांचा मोफत वर्ग सुरू झाला, म्हणून आमच्या गावच्या सहा जणी रोज एसटीने जात होतो. सात आठवडे झाल्यावर ‘वरून अनुदान आले नाही’ असे सांगून केंद्रचालकांनी वर्ग थांबविला. ब्लाउजची कटिंग शिकायची राहिली आणि प्रमाणपत्रही नाही. सासूबाई रोज म्हणतात, ‘शिकनी, पन आते काय करानं?’ वर्ग पुन्हा सुरू होईल का, की आमचे सात आठवडे वाया गेले?
— एक भगिनी, तालुका साक्री

उत्तर : ताई, केंद्रचालकांनी तुम्हाला जे सांगितले ते बहुधा खरे असावे, परंतु तेवढ्यावर तुम्ही गप्प बसू नये. अर्थसंकल्पात एखाद्या योजनेसमोर रक्कम दाखविली जाते तिला तरतूद म्हणतात. ती रक्कम वित्त विभागाच्या संमतीने संबंधित विभागाकडे, तेथून संचालनालयाकडे किंवा आयुक्तालयाकडे आणि शेवटी जिल्ह्यातील आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे, म्हणजे कोषागारातून पैसे काढून वाटणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पोहोचते, त्याला वितरण म्हणतात. मार्चमध्ये विधिमंडळात मंजूर होते ती तरतूद. तुमच्या शिलाई यंत्राला सुई, दोरा आणि कापड देते ते वितरण. या दोहोंमधले अंतर कोणत्याही भाषणात ऐकू येत नाही, आणि खरी कपात बहुतेक वेळा याच अंतरात होते. तरतुदीचा आकडा तोच राहतो. फक्त वर्षाच्या मध्यावर वित्त विभागाचे परिपत्रक निघते आणि तरतुदीच्या अमुक टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू नये असे त्यात लिहिलेले असते. करोनाच्या काळात, ४ मे २०२० रोजी, विकास योजनांना त्या वर्षी तरतुदीच्या ३३ टक्के निधीच मिळेल असा निर्णय झाला होता. तेव्हा संकट तसे होते आणि लोकांनी ते समजून घेतले. मात्र एरवीच्या वर्षांतही लहान प्रमाणात तेच होत राहते आणि त्याची बातमी होत नाही.

प्रशिक्षण केंद्राला पैसा हप्त्याहप्त्याने मिळतो आणि शेवटचा मोठा भाग परीक्षा व नोकरी यांच्याशी बांधलेला असतो. भाड्याच्या दोन खोल्यांत दहा यंत्रे मांडून बसलेल्या चालकाला पहिला हप्ता उशिरा आला की तो शिक्षिकेचा पगार देऊ शकत नाही. मोठ्या शहरातील संस्था कर्ज काढून सहा महिने तग धरतात. साक्री, शिरपूर, पारोळा येथील केंद्र दोन महिन्यांत कुलूप लावते. कपातीचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही ते असे. ते आधी तालुक्याच्या गावांवर पडते आणि तेथेही आधी बायकांच्या वर्गांवर.

आता तुम्ही काय करावे ते सांगतो. केंद्रचालकांकडून तुमच्या बॅचचा क्रमांक, तुमचा नोंदणी क्रमांक आणि हजेरीचे दिवस लेखी घ्या. केंद्राचे फलक उतरण्यापूर्वी हे झाले पाहिजे, कारण नंतर चालक सापडत नाहीत असा अनुभव आहे. त्यानंतर सहाही जणींच्या सह्यांचा एकच अर्ज धुळ्याच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडे द्या. आमची झालेली हजेरी धरून आम्हाला दुसऱ्या केंद्राच्या बॅचमध्ये सामावून घ्यावे, एवढीच एक मागणी त्यात ठेवा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय तेथून निघू नका.

त्याचबरोबर दुसरी वाटही पाहून ठेवा. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेमार्फत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था चालते. कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ मध्ये जो प्रयोग झाला त्यावरून ही कल्पना देशभर घेतली गेली. तेथे शिवणकामाचा वर्ग निवासी असतो, जेवण आणि राहणे मोफत असते, आणि संस्था चालविण्याची जबाबदारी बँकेची असल्यामुळे राज्याचे वितरण अडले म्हणून वर्ग मध्येच मोडण्याचा धोका तुलनेने कमी असतो. महिनाभर घर सोडून राहणे सर्वांना जमणार नाही हे मला कळते, पण सहापैकी दोघींना जमले तरी त्या परत येऊन उरलेल्या चौघींना ब्लाउजची कटिंग शिकवू शकतील. आणखी एक गोष्ट म्हणजे ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचे असतात. त्या पैशाचे गेल्या वर्षी काय झाले, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. गावात एक सामाईक शिलाई यंत्र त्यातून येऊ शकते आणि त्यासाठी मुंबईच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

प्रश्न : सर, माझा मुलगा जिल्ह्यातील एका शासकीय आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडला आहे. तो म्हणतो की दिवसाकाठी एखादा रॉड वाट्याला येतो, एक जण वेल्डिंग करतो आणि बाकीचे पाहत उभे राहतात. एका निदेशकाची जागाही रिकामी आहे. भडगाव रस्त्यावरच्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात त्याला रोजाने काम मिळते आहे आणि तो आयटीआय सोडायचे म्हणतो. मी शेतमजूर आहे. त्याला काय सांगू?
— एक पालक, जिल्हा जळगाव

उत्तर : दादा, त्याला सोडू देऊ नका. कारण सांगण्याआधी तो जे सांगतो ते किती गंभीर आहे हे इतर वाचकांसाठी लिहितो, कारण आयटीआयमध्ये ‘कच्चा माल’ या बाबीखालील अनुदान कमी झाले असे वाचल्यावर बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही.

वेल्डिंगचा सर्वसाधारण रॉड ३.१५ मिलिमीटर जाड आणि ३५० मिलिमीटर लांब असतो. शेवटचे बोटभर थोटूक टाकून द्यावे लागते, आणि उरलेला रॉड जळायला मिनिटापेक्षा थोडाच अधिक वेळ लागतो. म्हणजे दिवसाला एक रॉड वाट्याला आला तर मुलाचा हात दिवसाकाठी जेमतेम दीड मिनिट चालतो. नवशिक्या मुलाने रॉड पत्र्याला टेकविला की तो पहिल्यांदा चिकटतोच. मुलगा घाबरतो, ओढतो, रॉडवरचा लेप फुटतो आणि तो रॉड वाया जातो. दुसरा चिकटतो, तिसराही चिकटतो. आठ-दहा रॉड असे गेल्यावर केव्हातरी मनगटाला अंतर कळते, आवाज तळणासारखा एकसारखा येऊ लागतो आणि स्लॅग, म्हणजे वर जमणारी कठीण राख, ठोकून काढल्यावर खाली सारख्या लाटांची सरळ रेघ दिसते. ती रेघ पहिल्यांदा उमटली की मुलगा मान वर करून निदेशकाकडे पाहतो. मी ते पाहणे शेकडो वेळा अनुभवले आहे. हे सगळे रॉड वाया घालविण्याची मुभा असल्याशिवाय होत नाही. रॉड मोजून दिले की मुले चुकायला भितात, आणि चुकायला भिणारा मुलगा फार तर आडवी सपाट वेल्डिंग शिकतो. उभी आणि डोक्यावरची त्याला जमत नाही. कारखान्यात चाचणी नेमकी त्याच दोन प्रकारांची घेतात.

माझ्या नोकरीत आम्ही जुने जॉब, म्हणजे सरावाचे वेल्डिंग केलेले तुकडे, ग्राइंडरने घासून दुसऱ्या बाजूने वापरत असू, आणि ओळखीच्या कारखानदारांकडून पत्र्याचे तुकडे मागून आणत असू. परंतु सर्वांत वाईट होते ते मार्चअखेरचे अनुदान. वर्षभर नसलेला पैसा शेवटच्या आठवड्यात यायचा, तो ३१ मार्चच्या आत खर्ची पडला नाही तर परत जायचा, म्हणून एकदम रॉडच्या पेट्या घेतल्या जायच्या. त्या पावसाळाभर भांडारात राहिल्या की रॉडवरच्या लेपात ओल शिरायची, आणि ओल्या रॉडच्या वेल्डिंगला छिद्रे पडतात. हिशेबात खर्च शंभर टक्के दिसायचा आणि मुलांच्या हातात छिद्राचे जॉब यायचे. म्हणून मी आग्रहाने म्हणतो की पैसा किती आला यापेक्षा तो कोणत्या तारखेला आला हे आधी विचारले पाहिजे.

तरीही मुलाने सोडू नये, कारण वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे आणि त्याअखेर मिळणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र दुकानात नुसते काम करून मिळत नाही. भुसावळच्या रेल्वेतील किंवा एखाद्या मोठ्या कारखान्यातील शिकाऊ उमेदवारीचे दार त्या प्रमाणपत्राने उघडते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घ्यावे लागतात. जळगाव औद्योगिक वसाहतीत चटईचे, डाळीचे आणि पाइपचे कारखाने आहेत. त्यांना देखभालीसाठी वेल्डर लागतोच. दुकानाचे काम त्याने जरूर करावे, पण सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी. तेथे त्याला रॉड जाळायला मिळतील, आणि आयटीआयमध्ये जे कमी पडते ते थोडे भरून निघेल. डोळ्यांवरची काच आणि हातमोजे मात्र दुकानदाराकडे नसतील तर स्वतःचे घेऊन जायला सांगा.

तुम्ही स्वतः प्राचार्यांना भेटून एक चौकशी करावी. २००७-०८ पासून देशातील १,३९६ शासकीय आयटीआयना उद्योगांच्या भागीदारीतून सुधारण्यासाठी केंद्राने प्रत्येकी अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले आणि त्याचा विनियोग संस्था व्यवस्थापन समितीकडे सोपविला. तुमच्या मुलाची संस्था त्यांपैकी आहे का, समितीच्या खात्यात आज किती शिल्लक आहे, आणि त्यातून रॉड व पत्रा घेण्याचा ठराव पुढील बैठकीत मांडता येईल का, हे विचारा. अनेक ठिकाणी पालकांनी असे कधी विचारलेलेच नसते.

विचारूनही उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, विषय एकच ठेवावा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत असावा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला शुल्क नाही. ‘निधी का नाही’ असे विचारू नका, कारण ‘का’ या प्रश्नाला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. मागील दोन आर्थिक वर्षांत कच्चा माल या बाबीखाली तरतूद किती होती, वितरण किती झाले, कोणत्या तारखेला झाले आणि ३१ मार्च रोजी शिल्लक किती परत गेली, एवढे चार आकडे मागा. या प्रशिक्षणार्थींचे विद्यावेतन कित्येक दशके दरमहा ४० रुपये होते आणि ते ५०० रुपये करण्याचा निर्णय व्हायला २०२३ साल उजाडले. इतकी वर्षे चाळीस रुपये चालले, कारण आकडे मागणारे कोणी नव्हते.

प्रश्न : मी पदवीधर असून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून पारोळा तालुक्यातील एका कार्यालयात अकरा महिने काम केले. मुदत संपली, विद्यावेतन बंद झाले. साहेब म्हणतात, ‘येत राहा, पुढे काहीतरी होईल.’ जाऊ का?
— एक प्रशिक्षणार्थी

उत्तर : जाऊ नका. २०२४ मध्ये ही योजना आली तेव्हा प्रशिक्षणाचा काळ सहा महिन्यांचा होता, २०२५ मध्ये तो पाच महिन्यांनी वाढविला, आणि तुमचे अकरा महिने पूर्ण झाले आहेत. बारावीला सहा, आयटीआय व पदविकेला आठ आणि पदवीधराला दहा हजार रुपये हे विद्यावेतन होते, वेतन नव्हते. त्यामुळे त्यातून नोकरीचा हक्क निर्माण होत नाही. साहेबांचा हेतू चांगला असेलही, कारण त्यांच्याकडे रिक्त पदे आहेत आणि काम पडून आहे. परंतु फुकट काम करणारा मुलगा उपलब्ध असेल तर ते पद भरण्याची मागणी वर जातच नाही. प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मागून घ्या, त्यावर प्रत्यक्ष केलेल्या कामाचा उल्लेख असू द्या, थकलेला हप्ता असेल तर लेखी मागा आणि तो वेळ परीक्षेच्या अभ्यासाला किंवा शिकाऊ उमेदवारीला द्या. घरच्यांना हे सांगणे जड जाईल, याची मला कल्पना आहे.

प्रश्न : नमस्कार. मी अक्राणी तालुक्यातील एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. अमृत आहाराचा निधी काही महिने आलेला नाही. किराणा दुकानदाराकडे माझ्या नावावर उधारी चढली आहे आणि तो आता डाळ-तेल द्यायला तयार नाही. जेवण बंद केले तर गरोदर बाया येणे बंद होतील. मी काय करू?
— एक अंगणवाडी सेविका, जिल्हा नंदुरबार

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. शासनाची योजना तुमच्या वैयक्तिक उधारीवर चालावी ही गोष्ट कोणत्याही विभागाला शोभणारी नाही, आणि ती तुमच्या कर्तव्यातही बसत नाही.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ मध्ये आदिवासी भागासाठी सुरू झाली. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे सहा महिने रोज एक वेळचा चौरस आहार, असे तिचे स्वरूप आहे. पैसा आदिवासी विकास विभागाचा आणि काम महिला व बालविकासाचे, त्यामुळे एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखविते. तुम्ही पत्र दोन्हींकडे एकाच दिवशी द्या : बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना आणि तळोद्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला. पत्रात थकलेले महिने, लाभार्थी बायांची संख्या आणि दुकानदाराची बाकी लिहा, आहार समितीच्या अध्यक्षांची सही घ्या आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. तुमचा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. आदिवासी घटक कार्यक्रमाच्या, म्हणजे आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या, निधीतील ५ टक्के २०१५ पासून अशा अनुसूचित (पेसा) क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळतात, तेव्हा त्या निधीतून तात्पुरती सोय करता येईल का, हे ग्रामसेवकांना ठरावाच्या वेळीच विचारा.

याशिवाय हे लक्षात ठेवा की २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातेला अंगणवाडीतून ठरलेल्या पोषणमूल्याचा आहार हक्क म्हणून दिला आहे. अमृत आहार हे राज्याचे त्यापुढचे पाऊल आहे. पण अंगणवाडीतून काहीच मिळत नसेल तर तो कायद्याचा भंग ठरतो, त्याची तक्रार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे करता येते आणि कायद्यात त्याबद्दल अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद आहे. दिवाळीनंतर पाड्यावरची माणसे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. त्याआधी ही पत्रे गेली पाहिजेत, कारण बाया निघून गेल्यावर पटावर लाभार्थी कमी दिसतील आणि पुढची मागणी त्या कमी आकड्यावर ठरेल.

प्रश्न : लाडक्या बहिणींना पैसे द्यायचे म्हणून आदिवासींचा आणि प्रशिक्षणांचा पैसा कापला, असे सर्वत्र बोलले जाते. हे खरे मानावे काय?
— एक निवृत्त शिक्षक, शहादा

उत्तर : गुरुजी, यातले जेवढे निश्चित आहे तेवढे सांगतो. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी रुपये वळते केल्याचे समोर आले, आणि त्याबद्दल सामाजिक न्यायमंत्र्यांनी स्वतः उघड नाराजी व्यक्त केली. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती आणि राज्याची महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखविलेली होती. अनुसूचित जाती-जमातींच्या बहिणींनाच तो पैसा दिला जातो, असे शासनाचे समर्थन होते. मला ते पटत नाही. १९९३-९४ पासून महाराष्ट्राने सुखठणकर समितीची शिफारस स्वीकारून आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखून ठेवण्याची पद्धत पाडली, ती आश्रमशाळा, वसतिगृहे, पाणी आणि रोजगार यांतली जुनी उणीव भरून काढण्यासाठी. सर्व राज्याला लागू असलेल्या योजनेचा खर्च त्या राखीव पैशातून करणे हा त्या पद्धतीचा भंग आहे.

मात्र याचा राग बहिणींवर काढू नये. साक्रीच्या ज्या ताईंचे पत्र वर आहे त्या एसटीचे भाडे कदाचित त्याच दीड हजारांतून भरत असतील. एका हाताने भाडे द्यायचे आणि दुसऱ्या हाताने वर्ग बंद करायचा, यात त्यांचे काय चुकले? यावर उपाय आहे आणि तो इतर राज्यांनी केलेला आहे : आंध्र प्रदेश आणि कर्नाटक यांनी २०१३ मध्ये, तेलंगणाने २०१७ मध्ये या राखीव निधीसाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रात आजही हे शासन निर्णयांवर चालते, आणि एक शासन निर्णय बदलायला दुसरा पुरतो. खान्देशातल्या प्रत्येक आमदाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, या कायद्याबद्दल आपली भूमिका विचारली पाहिजे. आपल्यासारख्या शिक्षकांनी ते पत्र लिहून गावागावांतून सह्या घेतल्या तर मी त्यात आनंदाने सामील होईन.

प्रश्न : माझी विधवा बहीण एरंडोल तालुक्यात असते. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे दोन महिने आले नाहीत. उत्पन्नाचा दाखला जास्त रकमेचा निघाल्याने बंद झाले असतील का?
— एक वाचक

उत्तर : शक्य आहे. या योजनेची उत्पन्नमर्यादा कुटुंबासाठी वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये आहे, तर लाडकी बहीण योजनेची मर्यादा अडीच लाख आहे. निराधार बाईला अधिक गरीब असल्याचे सिद्ध करावे लागते, हे अन्यायाचे आहे आणि ही मर्यादा वाढलीच पाहिजे. तूर्त तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत जाऊन आधी नाव यादीत चालू आहे की रद्द, एवढे विचारा. चालू असेल तर बहुधा खात्याला आधार जोडलेले नसल्याने पैसे अडले असतील. ते काम बँकेत होईल. रद्द असेल तर रद्द केल्याच्या आदेशाची प्रत मागा आणि महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तालुका लोकशाही दिनात अर्ज द्या. बहिणीला एकटीला पाठवू नका, सोबत जा, आणि पासबुक भरून घेऊन जा.